ऐकू आलं नाही, म्हणून तिथे कुणी नाही? स्पेक्ट्रमचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रेडिओ स्पेक्ट्रमचे नियम लिहिणारे आणि मंजूर करणारे नियामक, तसेच बिनतारी मानकांच्या समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

एखादा पट्टा, म्हणजे रेडिओ लहरींच्या वारंवारतांचा एक टप्पा, सामाईक वापरासाठी खुला करायची वेळ आली की आपल्या मसुद्यात एक कलम हमखास येतं. उपकरणाने आधी ऐकावं, ठरावीक पातळीच्या वर काही ऐकू आलं तर गप्प बसावं, नाही आलं तर खुशाल प्रक्षेपण करावं. त्यानंतरची पानंच्या पानं शक्ती किती, अँटेना कसला, चॅनेल किती रुंद यावर खर्ची पडतात. या पहिल्या कलमाकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नाही, आणि पाणी मुरतं ते नेमकं तिथेच. रेडिओ मोजमापाच्या आणि व्यत्यय शोधण्याच्या कामात असल्यामुळे या कलमाचे परिणाम माझ्या टेबलावर येऊन पडतात. म्हणून हे पत्र.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, सामाईक वापराला माझा विरोध नाही. १९८५ साली अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ९०० मेगाहर्ट्‌झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले, तेव्हा ते पट्टे औद्योगिक भट्ट्यांचे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचे होते, कुणाला नको असलेले. त्यातूनच १९९७ चं ८०२.११ मानक आलं आणि वाय-फाय उभं राहिलं. आज ओसाड पट्टे उरलेले नाहीत. जे आहेत ते कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहेत आणि वाटून घेण्यावाचून गत्यंतर नाही. प्रश्न एवढाच, की वाटणी कशाच्या आधारावर करायची.

उपकरण ऐकतं ते ट्रान्समीटरला. नुकसान होतं ते रिसीव्हरचं. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आलं, बाकीचं पत्र त्याचा पसारा आहे.

टेकडीच्या एका अंगाला ट्रान्समीटर आहे, माथ्यावर त्याचा रिसीव्हर आहे आणि दुसऱ्या अंगाला आपलं नवं उपकरण. उपकरण कान देऊन ऐकतं. टेकडी मध्ये असल्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नाही. नियमाप्रमाणे ते प्रक्षेपण सुरू करतं आणि माथ्यावरचा रिसीव्हर आडवा होतो. उपकरणाने एकही नियम मोडलेला नाही! हे काही माझं नवं संशोधन नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहा जाळ्यात तर ऐकणं हा प्रकारच नव्हता. ज्याला वाटेल त्याने पाठवायचं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं. त्या पद्धतीत चॅनेलची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता पदरात पडते. ऐकून पाठवण्याचं गणित क्लाइनरॉक आणि टोबागी यांनी १९७५ मध्ये मांडलं, आणि त्याच लेखमालेत या टेकडीच्या अडचणीलाही नाव दिलं: हिडन टर्मिनल. म्हणजे उपाय आणि त्यातली खोट दोन्ही एकाच वर्षी छापून आले होते.

वाय-फायने यावर वापरलेली तोड इथे सांगण्यासारखी आहे. पाठवणारा आधी छोटा संदेश धाडतो, 'पाठवू का?' आणि ज्याला घ्यायचं आहे तो उत्तर देतो, 'पाठव'. टेकडीपलीकडच्यांना पहिला संदेश ऐकू येत नसला तरी दुसरा येतो, कारण तो खुद्द रिसीव्हरकडून आलेला असतो. आरटीएस-सीटीएस नावाच्या या देवाणघेवाणीत खरी करामत आहे ती रिसीव्हरला तोंड फोडण्याची. दुर्दैवाने ही सोय एकाच तंत्रज्ञानाच्या कुटुंबापुरती चालते. दोन मनोऱ्यांमधल्या मायक्रोवेव्ह दुव्याला, उपग्रहाच्या डिशला किंवा वायरलेस माइकच्या रिसीव्हरला 'पाठव' म्हणता येत नाही.

आणि काही रिसीव्हर तर जन्माचे मुके. हवामान उपग्रहांवरचे रेडिओमीटर २३.६ ते २४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वातावरणातल्या बाष्पाचं अतिक्षीण नैसर्गिक उत्सर्जन मोजतात. ते स्वतः काहीच पाठवत नाहीत. आपण तिथे हजार वर्षं कान लावून बसलात तरी तो पट्टा 'मोकळा'च दिसेल. वर आणखी पंचाईत अशी की व्यत्यय आला तर रेडिओमीटरला तो व्यत्यय म्हणून कळेलच असं नाही. थोडं जास्त बाष्प म्हणून तो आकडा पुढे जातो आणि अंदाजाच्या प्रारूपात शिरतो. शेजारच्या २४.२५ गिगाहर्ट्‌झपासून मोबाइल सेवा सुरू करायची म्हटल्यावर २०१९ च्या जागतिक रेडिओसंपर्क परिषदेत केवढी ओढाताण झाली, हे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. शेवटी बेस स्टेशनमधून या पट्ट्यात सांडणाऱ्या शक्तीवर दर २०० मेगाहर्ट्‌झला उणे ३३ डेसिबल-वॅट (डेसिबल हे शक्तीच्या पटींचं माप: दर १० डेसिबलला दहापट फरक, आणि उणे आकडा जितका मोठा तितकी शक्ती कमी) अशी मर्यादा आली, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर बसणाऱ्या स्टेशनांसाठी ती उणे ३९ होणार आहे. ही मर्यादा पुरेशी आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण निदान ती रिसीव्हरकडे बघून ठरवलेली आहे. तीच गोष्ट १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झची. अवकाशातल्या हायड्रोजनची, रेडिओ दुर्बिणी टिपतात ती १४२०.४ मेगाहर्ट्‌झची रेषा तिथे आहे, म्हणून त्या पट्ट्यात उत्सर्जनाला सरसकट मनाई आहे. ज्या पट्ट्यांना अशी तटबंदी नाही तिथल्या निष्क्रिय रिसीव्हरांची गत मात्र 'मुकी बिचारी, कुणीही हाका' अशी आहे.

आता ऐकण्याच्या क्षमतेकडे येऊ, कारण मसुद्यात ती गृहीत धरलेली असते.

२००८ साली एफसीसीने टीव्हीच्या वापरात नसलेल्या चॅनेलवर, ज्याला व्हाइट स्पेस म्हणतात, नव्या उपकरणांना वाट करून दिली. अट अशी की उपकरणाला डिजिटल टीव्हीचा उणे ११४ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) इतका क्षीण सिग्नल ओळखता आला पाहिजे. हा आकडा जरा जवळून बघा. एका वॅटचे दशलक्ष अब्ज भाग केले तर त्यातले सुमारे चार भाग, एवढी ही शक्ती. ६ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलमध्ये सामान्य तापमानाला नुसत्या उष्णतेपोटी निर्माण होणारा नॉइजच, म्हणजे पार्श्वभूमीची खरखर, उणे १०६ डीबीएमच्या घरात असतो, आणि रिसीव्हरच्या आतला नॉइज त्यावर आणखी काही डेसिबल चढतो. म्हणजे जो सिग्नल ओळखायचा तो आदर्श रिसीव्हरच्या नॉइजपेक्षाही सहापट क्षीण.

इतका टोकाचा आकडा का? तर पुन्हा त्याच कारणाने. टीव्हीचा अँटेना छपरावर असतो, ऐकणारं उपकरण घरात, भिंतीआड, कमी उंचीवर. टीव्हीला चित्र दाखवायला उणे ८४ डीबीएमच्या आसपास सिग्नल लागतो. त्याखालचे ३० डेसिबल, म्हणजे हजारपटीचा फरक, केवळ 'उपकरणाला ऐकू येणार नाही पण रिसीव्हरला येत असेल' या भीतीपोटी धरलेली खबरदारी आहे. आपल्या नियमात रिसीव्हर नव्हता. तो या ३० डेसिबलच्या रूपाने मागच्या दाराने आत आला.

आणि या पातळीवर ऐकणं म्हणजे काय? सर्वांत साधा डिटेक्टर ऊर्जा मोजतो. आत्ता मोजलेली ऊर्जा नुसत्या नॉइजपेक्षा जास्त आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर देण्यासाठी नॉइज नेमका किती हे त्याला आधी ठाऊक हवं. ते कधीच नेमकं ठाऊक नसतं. तापमान बदलतं, अॅम्प्लिफायरचा गेन सरकतो, शेजारच्या चॅनेलमधून शक्ती झिरपते, जवळचा एखादा स्वस्तातला एलईडी दिवा स्वतःच्या वीजपुरवठ्यातून भर घालतो. राहुल तांद्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्येच दाखवून दिलं की नॉइजच्या पातळीचा अंदाज एक डेसिबल इकडेतिकडे असेल, तर सिग्नल नॉइजच्या ३.३ डेसिबल खाली गेल्यावर ऊर्जा मोजणाऱ्याला तो ओळखताच येत नाही. सेकंदभर ऐका नाहीतर वर्षभर. याला ते एसएनआर वॉल, म्हणजे सिग्नल-नॉइज गुणोत्तराची भिंत, म्हणतात, आणि भिंत हा शब्द इथे अगदी चपखल आहे. ऐकण्याचा वेळ वाढवला की संवेदनक्षमता वाढते हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य या भिंतीपाशी येऊन थांबतं. सिग्नलची घडण माहीत असेल, त्यात पायलट टोन (मुद्दाम मिसळलेला स्थिर सूर) असेल किंवा ठरावीक आवर्तन असेल, तर भिंत थोडी मागे सरकवता येते. पण वायरलेस माइकसारख्या सिग्नलमध्ये असं काही हाताशी नसतं.

२०१० मध्ये एफसीसीने ही अट मागे घेतली. ज्या उपकरणाला स्वतःची जागा कळते आणि जे डेटाबेसला विचारून मोकळे चॅनेल घेतं, त्याला ऐकण्याची सक्ती उरली नाही. निर्णय योग्य होता असंच माझं मत आहे. माझी तक्रार त्यापुढची आहे. ही सगळी अक्कलखाती जमा झालेली शिकवण त्या एका पट्ट्यापुरती राहिली, आणि पुढच्या पट्ट्यांच्या मसुद्यात 'आधी ऐका' पुन्हा जसंच्या तसं अवतरलं.

आपण म्हणाल, पाच गिगाहर्ट्‌झमध्ये ऐकून वाटणी चाललीच आहे की. चालली आहे, पण कशी ते बघू.

२००३ च्या जागतिक परिषदेनंतर ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्‌झमध्ये वाय-फायला रडारसोबत राहायची मुभा मिळाली. अट होती डीएफएसची, म्हणजे रडार ओळखून चॅनेल बदलण्याची. राउटर सुरू झाला की चॅनेलवर ६० सेकंद नुसतं ऐकायचं. वापरात असताना रडार दिसलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. ओळखायची पातळी शक्तीनुसार उणे ६२ किंवा उणे ६४ डीबीएम. ऐकायला नेटकं. आता राउटरच्या जागी बसून बघा. रडारचा पल्स असतो मायक्रोसेकंदांचा. अँटेना फिरत असतो, त्यामुळे त्याचा झोत आपल्यावरून क्षणभर जातो आणि पुढच्या फेरीपर्यंत शांतता. राउटर स्वतः पाठवत असतो तेव्हा तो ठार बहिरा असतो. म्हणजे पॅकेटांच्या मधल्या फटींत जे काही हाती लागेल त्यावरून रडार आहे की नाही हे ठरवायचं. अमेरिकेतल्या चाचणीत चॅनेल साधारण १७ टक्के भरलेला असला तरी चालतो, आणि छोट्या पल्सच्या प्रत्येक प्रकारासाठी १०० पैकी ६० वेळा ओळखलं तरी उपकरण पास होतं, फक्त चारही प्रकार मिळून सरासरी ८० असावी लागते. भर कामाच्या वेळी चॅनेल १७ टक्क्यांवर थांबलेला मी तरी पाहिलेला नाही.

परिणाम दोन्हीकडून दिसतात. २००९ मध्ये पोर्टो रिकोतल्या सॅन वान विमानतळाच्या डॉप्लर हवामान रडारला ५ गिगाहर्ट्‌झच्या उपकरणांचा व्यत्यय असल्याचं निघालं. अशा रडारच्या पडद्यावर व्यत्यय कसा दिसतो ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: केंद्रातून निघून कडेपर्यंत गेलेली एक सरळ, जाड आरी. त्या दिशेला पाऊस आहे की वाऱ्याची झोडपी, काही सांगता येत नाही, कारण त्या दिशेचं सगळं झाकलेलं असतं. उपकरणं उंच जागी, बाहेर लावलेली होती, आणि काहींत डीएफएस चालतच नव्हतं. युरोपने ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झसाठी सुरुवातीचं ऐकणं ६० सेकंदांवरून १० मिनिटांवर नेलं. दुसऱ्या बाजूला जाळी चालवणाऱ्यांच्या लॉगमध्ये 'रडार सापडलं' अशा नोंदी पडत राहतात, जिथे कोसावर रडार नाही तिथेसुद्धा. शेजारच्या उपकरणाच्या पॅकेटांचा ठेका पल्ससारखा वाटला की चॅनेल गेला अर्धा तास. चारदोनदा असं झालं की जाळं चालवणारा कंटाळून ते सगळे चॅनेलच यादीतून काढून टाकतो. ज्या पट्ट्यासाठी एवढा खटाटोप केला तो असा कुलुपबंद होतो, आणि उरलेल्या चॅनेलवर झुंबड उडते.

एक मुद्दा मात्र या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. रडार हा ऐकून ओळखण्यासाठी सर्वांत सोयीचा शेजारी आहे. त्याचा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच जागी, बहुधा एकाच अँटेनावर असतात. त्याचा आवाज मोठा असतो. ट्रान्समीटर ऐकू आला म्हणजे रिसीव्हरही तिथेच, हा तर्क रेडिओच्या दुनियेत जवळपास फक्त इथेच बसतो. एवढी अनुकूल परिस्थिती असूनही जमवताना नाकी नऊ आले. मग जिथे ट्रान्समीटर ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर आणि रिसीव्हर कुणाच्या तरी गच्चीवर, तिथे हाच नियम कुठल्या तोंडाने लावायचा?

३.५५ ते ३.७ गिगाहर्ट्‌झच्या सीबीआरएस या सामाईक ब्रॉडबँड सेवेच्या पट्ट्यात अमेरिकेने वेगळी वाट काढली, आणि माझ्या मते आजवरची ती सगळ्यांत विचारपूर्वक केलेली मांडणी आहे. तिथे नौदलाच्या जहाजांवरची रडार आहेत. त्यांच्या जागा आधी जाहीर करता येत नाहीत. म्हणून ऐकण्याचं काम उपकरणांवर सोपवलंच नाही. किनाऱ्यालगत खास सेन्सर बसवले, ते मध्यवर्ती यंत्रणेला कळवतात आणि यंत्रणा ३०० सेकंदांच्या आत त्या भागातल्या उपकरणांना हलवते किंवा गप्प करते. ज्याला बोलायची घाई आहे त्यालाच 'रस्ता मोकळा आहे का' असं विचारण्याचा मूर्खपणा इथे टळला. शिवाय ही यंत्रणा अनेक उपकरणांच्या व्यत्ययाची बेरीज करते. एकेक उपकरण मर्यादेत, पण सगळी मिळून मर्यादेबाहेर, ही पळवाट तिने बुजवली. तरी इथेही एक गंमत झालीच. सेन्सरांना नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या आसपासच्या उपकरणांना आवाज कमी ठेवावा लागला. त्या भागांना व्हिस्पर झोन म्हणतात. स्पेक्ट्रम मोकळा आहे का हे ऐकण्यासाठी काही स्पेक्ट्रम वापराविना ठेवावा लागला! ऐकणं फुकट नसतं, हे मसुद्याच्या खर्चाच्या बाजूला कधी दिसत नाही.

ऐकण्याची पातळी किती ठेवायची हा प्रश्न तांत्रिक परिशिष्टात टाकला जातो. तो तिथला नव्हे. २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर वाय-फाय दुसऱ्या वाय-फायची चाहूल उणे ८२ डीबीएमला घेतं, पण अनोळखी सिग्नलसाठी उणे ६२ पर्यंत थांबत नाही. म्हणजे आपल्या जातकुळीतल्याचा शंभरपट क्षीण आवाज ऐकून अदबीने थांबायचं आणि परक्याला दुर्लक्षायचं. एलटीई, म्हणजे ४जी मोबाइलचं तंत्रज्ञान, विनापरवाना पट्ट्यात आलं तेव्हा एलएए या त्याच्या रूपासाठी पातळी ठरली उणे ७२. त्याआधीच्या एलटीई-यू मध्ये तर पाठवण्यापूर्वी ऐकण्याऐवजी ठरावीक काळ चालू, ठरावीक काळ बंद अशी पाळी होती. या दहा-वीस डेसिबलवरून दोन उद्योगांत वर्षानुवर्षं जुंपली होती, आणि ते साहजिकच आहे. पातळीचा प्रत्येक डेसिबल म्हणजे कुणाला थांबावं लागेल आणि कुणाला आयती वाट मिळेल याचा निवाडा. असा निवाडा करायचा तर तो उघडपणे, कारणं देऊन करा. 'तंत्रज्ञान-तटस्थ नियम' असं शीर्षक देऊन खाली एकाला सोयीचा आकडा लिहिणं बरं नव्हे.

पट्टा खुला करण्याआधी जे ऑक्युपन्सीचे, म्हणजे पट्टा किती वेळ वापरात असतो याचे, अहवाल येतात त्यांच्याबद्दलही थोडं. छपरावर अँटेना लावायचा, काही दिवस मोजायचं आणि 'हा पट्टा बहुतांश काळ रिकामा असतो' असा निष्कर्ष काढायचा. हे मोजमाप मी स्वतः करतो, म्हणून सांगतो: थ्रेशोल्ड (दखल घेण्याची किमान पातळी) थोडा वर घ्या, तोच डेटा रिकामा दिसतो. थोडा खाली आणा, भरलेला दिसतो. अँटेना कुठल्या दिशेला, बॅण्डविड्थ किती, किती वेळाने फेरी होते, यावर सगळं अवलंबून. आणि कुणी ऐकत आहे का, याबद्दल तर असा अहवाल चकार शब्द काढू शकत नाही.

रिसीव्हरच्या बाजूने विचार करायचा म्हणजे रिसीव्हरला मोकाट सोडायचं असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्‌झमधली ५जी सेवा सुरू होताना विमानांच्या रेडिओ अल्टिमीटरवरून, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणावरून, जो गोंधळ झाला, त्यात अल्टिमीटरचा पट्टा ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झचा होता. मध्ये २२० मेगाहर्ट्‌झची जागा मोकळी. तरीही काही जुन्या अल्टिमीटरांना शेजारचं ऐकू येत होतं, कारण ते तयार झाले तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं आणि फिल्टरवर खर्च करायची गरज कुणाला वाटली नाही. नुकसान रिसीव्हरचं होतं म्हणून प्रत्येक वेळी दोष ट्रान्समीटरचाच, असं धरलं तर ढिसाळ रिसीव्हर बनवणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं होईल. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशात रिसीव्हरच्या कामगिरीचा समावेश झाला, एफसीसीने २०२३ मध्ये त्याबद्दल धोरणात्मक निवेदन काढलं. पावलं योग्य दिशेने आहेत, पण फार जपून टाकलेली.

६ गिगाहर्ट्‌झचं उदाहरण म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. २०२० मध्ये अमेरिकेने ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना वापरासाठी खुले केले. घराबाहेरच्या, जास्त शक्तीच्या उपकरणांनी एएफसी या यंत्रणेला आधी विचारायचं. ती काहीच ऐकत नाही. तिच्याकडे मायक्रोवेव्ह दुव्यांच्या रिसीव्हरांची यादी असते: कुठे आहेत, किती उंचीवर, कुठल्या दिशेला तोंड करून. त्यावरून ती हिशेब मांडते की या जागेवरून, या चॅनेलवर, एवढ्या शक्तीने पाठवलं तर त्या रिसीव्हरपाशी व्यत्यय त्याच्या नॉइजच्या ६ डेसिबल खाली राहतो का. उणे ६ डेसिबल म्हणजे नॉइजच्या पावपट व्यत्यय, ज्याने रिसीव्हरचा एकूण नॉइज जेमतेम एक डेसिबल वाढतो. यादी चुकीची असेल तर उत्तर चुकेल, आणि परवान्यांच्या जुन्या नोंदी किती अचूक असतात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी प्रश्न बरोबर विचारला जातोय. कुणाला त्रास होईल, तो कुठे आहे आणि किती होईल.

माझं मागणं एवढं आहे. यापुढे ऐकण्याची पातळी लिहाल तेव्हा एकटा आकडा लिहू नका. ती किती बॅण्डविड्थमध्ये, अँटेनाच्या कुठल्या टोकाला मोजायची, त्या पातळीवर सिग्नल निसटण्याची शक्यता किती मान्य आहे, नसताना असल्याचा भास होण्याची किती, आणि नॉइजबद्दल किती डेसिबलची अनिश्चितता धरली आहे, हे सगळं त्याच ओळीत असू द्या. यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर समितीकडे नसेल तर तो आकडा तडजोडीतून आलेला आहे असं मी समजेन. चाचणी केबल जोडून शांत खोलीत होते तेवढ्यावर भागवू नका. उपकरण भरपूर काम करत असताना, शेजारच्या चॅनेलवर मोठा सिग्नल असताना ते काय ऐकतं ते बघा. सध्या प्रत्येक प्रस्तावात न्यूरल नेटवर्कवर चालणारा डिटेक्टर असतो. ज्या हार्डवेअरवर तो शिकला त्याच्याऐवजी दुसऱ्याच कंपनीच्या रिसीव्हरवरचे नमुने त्याला देऊन बघा, बऱ्याच दाव्यांची हवा तिथेच निघेल. उपकरणांनी रडार सापडल्याच्या, चॅनेल सोडल्याच्या नोंदी नियामकाला निनावी स्वरूपात द्याव्यात असं बंधन घाला. आज खोटे इशारे किती आणि खरे किती, हे कुणालाच कळायला मार्ग नाही. आणि जो मुका आहे, म्हणजे उपग्रहावरचा रेडिओमीटर असो की रेडिओ दुर्बीण, त्याच्या वतीने तक्रार नोंदवण्याची सोपी वाट ठेवा. आज व्यत्ययाचा उगम शोधून, मोजून, पुरावा जोडून तक्रार करायचा बोजा त्याच्यावरच आहे ज्याला काहीच बोलता येत नाही.

२०२७ च्या जागतिक परिषदेसाठी अभ्यासगटांचं काम सुरू आहे, आणि सामाईक वापराच्या अभ्यासांचे तक्ते सध्या तयार होत आहेत. त्या तक्त्यांत संरक्षित सेवेपुढे एक रकाना वाढवा: रिसीव्हर कुठे आहे आणि ते नियमाला कसं कळणार. जिथे हा रकाना भरता येणार नाही त्या पट्ट्यासाठी नुसत्या ऐकण्यावर आधारलेली वाटणी मंजूर करू नका.

कळावे,

आपला,
रेडिओ मोजमापाच्या कामातला एक अभियंता